एअर लॉकरचा सोलेनॉइड काढून टाकण्याचा सल्ला : एक प्रतिवाद

ॲक्सलवरच्या दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच म्हणजे डिफरन्शियल; एअर लॉकर हवेच्या दाबाने ते जखडतो आणि दोन्ही चाके एकत्र फिरवतो. या लॉकरबद्दल ऑफ-रोडिंग करणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्याचा गोषवारा असा : एअर लॉकरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह म्हणजे विजेवर चालणारी एक महागडी तोटी आहे आणि चिखलपाण्यात ती हमखास निकामी होते, म्हणून ती काढून टाकावी, कंप्रेसरची नळी थेट डिफरन्शियलला जोडावी, मध्ये हार्डवेअरच्या दुकानातला बॉल व्हॉल्व्ह (हाताने फिरवायची तोटी) बसवावा, तेवढे नको असेल तर बाजारात मिळेल तो स्वस्त सोलेनॉइड लावावा. यात तथ्याचा अंश असल्याने तो सहज पटतो. मात्र ज्या गृहीतकावर हा सगळा डोलारा उभा आहे, तेच चुकीचे आहे.

सोलेनॉइड म्हणजे केवळ हवा चालू-बंद करणारी तोटी, हे ते गृहीतक. तोटीला दोन तोंडे असतात. एअर लॉकरच्या सोलेनॉइडला तीन असतात. एकातून कंप्रेसरची हवा आत येते, दुसऱ्यातून ती लॉकरकडे जाते आणि तिसरे तोंड बाहेर मोकळ्यावर उघडते. ऑस्ट्रेलियातील एआरबी कंपनीच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या एअर लॉकरची रचना पाहिली, तर या तिसऱ्या तोंडाचे महत्त्व लक्षात येते. नळीतून आलेली हवा कॅरिअरच्या (डिफरन्शियलचे गिअर धरणाऱ्या फिरत्या कवचाच्या) बेअरिंगलगतच्या सील हाउसिंगमधून दोन ओ-रिंगांच्या (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांच्या) मधल्या जागेत शिरते आणि फिरत्या कॅरिअरच्या आत जाऊन पिस्टन ढकलते; पिस्टनमुळे क्लच गिअर सरकतो, चाकाचा शाफ्ट फिरवणारा साइड गिअर कॅरिअरशी जखडला जातो आणि दोन्ही चाके एकाच वेगाने फिरू लागतात. लॉकर सोडवण्याचे काम मात्र हवा करत नाही, ते स्प्रिंगा करतात, आणि पिस्टनमागची हवा बाहेर पडल्याखेरीज स्प्रिंगांना ते करता येत नाही. बटण बंद करताच सोलेनॉइड कंप्रेसरची वाट बंद करतो आणि लॉकरकडची नळी बाहेरच्या तोंडाशी जोडतो; त्या वेळी बॉनेट उघडे असेल, तर ‘फुस्स’ असा बारीक आवाज ऐकू येतो. सोलेनॉइडचे खरे मोल हवा देण्यात कमी आणि ती सोडण्यात अधिक आहे.

आता त्याच्या जागी दोन तोंडांचा बॉल व्हॉल्व्ह बसवून पाहा. उघडला की लॉकर बसेल, म्हणजे डिफरन्शियल जखडले जाईल, यात शंका नाही. बंद केला की हवा व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यामध्ये कोंडून राहील आणि लॉकर बसलेलाच राहील. तो केव्हा सुटेल, हे कुठली ओ-रिंग किती गळते यावर ठरेल. चालकाच्या समजुतीप्रमाणे डिफरन्शियल मोकळे, प्रत्यक्षात ते जखडलेले, आणि गाडी घाटाच्या डांबरी वळणावर आलेली, अशी स्थिती त्यातून उद्भवते. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. ते कापू न दिल्यास टायर घासतात, ॲक्सल शाफ्टवर पीळ पडतो आणि गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते. पुढचा लॉकर अडकला असेल तर स्टिअरिंग जड होते आणि पुढच्या ॲक्सलचे सांधे तुटण्याचा धोका वाढतो.

बॉल व्हॉल्व्हही नको, कंप्रेसरच्या बटणानेच लॉकर चालू-बंद करावा, ही याच सल्ल्याची दुसरी आवृत्ती. कंप्रेसर थांबला म्हणजे नळीतला दाब उतरला, असे होत नाही. प्रेशर स्विच ठरलेल्या दाबाला मोटर थांबवतो, जुन्या संचात साधारण 100 पीएसआयला (पीएसआय हे दाबाचे एकक) आणि नव्यात 150 पीएसआयच्या आसपास. तो दाब धरून ठेवण्यासाठीच ही व्यवस्था असते. शिवाय टायरमध्ये हवा भरायला कंप्रेसर लावला की लॉकरही बसणार. मूळ वायरिंगमध्ये मागचा लॉकर चालू असल्याखेरीज पुढच्याला वीज मिळत नाही. हे संरक्षणही या जोडणीत हातचे जाते.

सोलेनॉइड हमखास जळतो, या विधानाकडे वळू. तो बिघडतो, हे खरे आहे. कॉइल तुटते, आतला प्लंजर अडकतो. पण लॉकर बसला नाही की दोष सोलेनॉइडच्या माथी मारण्याची सवय तपासणीत टिकत नाही. तपासणीला फार काही लागत नाही. कंप्रेसर पूर्ण दाबावर येऊन थांबू द्यावा, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करावे आणि सोलेनॉइडवर बोट ठेवून दुसऱ्याला लॉकरचे बटण दाबायला सांगावे. ‘टक्’ असा ठोका बोटाला जाणवला नाही, तर मल्टिमीटर घेऊन आधी फ्यूज, कनेक्टर आणि अर्थिंग पाहावे. अर्थिंगच्या गंजलेल्या टोकाने पुष्कळ सोलेनॉइड विनाकारण बदलायला लावले आहेत. ठोका लागतो पण लॉकर बसत नाही आणि कंप्रेसर पुन्हा पुन्हा सुरू होतो, तर हवा पुढे कुठेतरी गळते आहे. साबणाचे पाणी सांध्यांवर सोडले की बुडबुडे जागा दाखवतात. बाहेर कुठेच बुडबुडा नाही, पण ॲक्सलच्या ब्रीदरमधून (आतली हवा बाहेर जाऊ देणाऱ्या छिद्रातून) हवा किंवा तेल येत आहे, तर सील हाउसिंगच्या ओ-रिंगा गेल्या, आणि त्या सोलेनॉइड बदलून दुरुस्त होत नाहीत.

उलट तक्रारही असते : लॉकर बसतो, सुटत नाही किंवा फार उशिरा सुटतो. कोकणातल्या आणि गोव्याच्या लाल चिखलात चालणाऱ्या गाड्यांमध्ये बाहेरचे तोंड चिखल वाळून बुजले आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. तोंडावर लहानसा फिल्टर किंवा सायलेन्सर बसवावा, तो खाली तोंड करून ठेवावा आणि सोलेनॉइड चाकाच्या शिंतोड्यांपासून वर घ्यावा, एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात. सांध्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळताना शेवटचा आटा मोकळा सोडावा, कारण टेपचा सुटलेला धागा आत जाऊन व्हॉल्व्हच्या सीटवर बसतो आणि मग हवा सतत झिरपत राहते. या तोंडातून क्वचित तेलाचा थेंब आला तर घाबरायचे कारण नाही. तेल वारंवार येऊ लागले तर मात्र ब्रीदर आणि ओ-रिंगा पाहाव्यात.

कोणताही सोलेनॉइड चालतो, हे विधान निम्मे खरे आहे. मूळ कंपनीचाच हवा असे नाही. औद्योगिक न्यूमॅटिक्सच्या दुकानातला चांगला व्हॉल्व्ह उत्तम काम देतो. पण तो थ्री-टू (तीन तोंडांचा, दोन स्थितींचा), नॉर्मली क्लोज्ड (वीज नसताना हवेची वाट बंद ठेवणारा), 12 व्होल्ट डीसीचा, सतत चालू ठेवता येणारा आणि कंप्रेसरच्या कमाल दाबाला पुरणारा असला पाहिजे. नॉर्मली ओपन लावला तर वीज गेल्यावर लॉकर बसेल, म्हणजे नेमके उलटे. पायलट-ऑपरेटेड व्हॉल्व्हला हलण्यासाठीच किमान दाब लागतो, म्हणून थेट कॉइलच्या जोराने हलणारा डायरेक्ट-ॲक्टिंग घेणे बरे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा सोलेनॉइड स्वस्त मिळतो म्हणून तो सुचवणारेही आहेत. तो सहसा 24 व्होल्टचा असतो आणि त्याला तोंडे दोनच.

विजेशिवाय चालणारी व्यवस्था ज्यांना हवीच आहे, त्यांच्यासाठी हाताने चालवायचा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह मिळतो. गोव्यात पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत, जिथे गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात जाते, तिथे तो निवडण्यात शहाणपण असू शकते. त्याचे बाहेरचे तोंड मात्र नळीने केबिनबाहेर न्यावे, नाहीतर गिअर ऑइलचा वास आत भरतो. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत मी तो बसवणार नाही, कारण वायर तुटली की सोलेनॉइड आपोआप लॉकर सोडतो, हाताचा व्हॉल्व्ह विसरला की विसरलाच. चढावर वायर तुटून लॉकर ऐनवेळी सुटण्याचा तोटा त्यात आहे, पण तो मला परवडतो.

रानात सोलेनॉइड खरोखरच गेला, तर तात्पुरते वगळणे गैर नाही. दोन लॉकर असतील तर दोन्हीकडचे सोलेनॉइड सारखेच असतात, तेव्हा पुढचा काढून मागे लावावा. एकच असेल तर नळी थेट कंप्रेसरच्या तोंडाला जोडून अडथळा सावकाश पार करावा. लॉकरला हवा फार थोडी लागते, त्यामुळे सील धड असतील तर योग्य जोड लावून सायकलच्या पंपानेही भागते. अडथळा संपताच गाडी थांबवून नळी सोडावी, हवा पूर्ण जाऊ द्यावी, मोकळ्या मातीवर एक तंग वळण घेऊन डिफरन्शियल सुटल्याची खात्री करावी, आणि नळीचे तोंड चिखल जाणार नाही असे झाकून मगच डांबरी रस्त्याला लागावे.