बॅटऱ्या मागून पुढे का आणल्या: एका काकांच्या आक्षेपांना उत्तर

काका, नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेतला एकही मुद्दा वरवरचा नाही, म्हणून चार ओळींत न उरकता सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेवदंड्याच्या खाडीत चालणाऱ्या वेकबोर्डच्या (फळीवर उभ्या माणसाला दोराने लाटांवरून ओढणाऱ्या) बोटीतल्या दोन्ही बॅटऱ्या आम्ही इंजिनाशेजारच्या मागच्या कप्प्यातून काढल्या, डावीकडच्या सीटखाली बसवल्या आणि तो कप्पा सामानासाठी मोकळा केला, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की कंपनीने बॅटरी इंजिनाजवळ विचार करूनच ठेवलेली असते. केबल लांबली की सेल मारताना ताकद कमी पडते, वजन हललं की बोट कलते, ठिणगी पडली तर पेट्रोल आहेच. एवढी जागाच हवी होती तर लिथियम लावायची. आणि शेवटी, "सामान ठेवायला जागा हवी म्हणून माणसांच्या जिवाशी खेळू नका."

हे शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. त्या कप्प्यात आता काय असतं? लाइफ जॅकेट, ओढायचा दोर, फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून लावायचे फुगे), नांगर. आधी यातलं निम्मं बॅटऱ्यांच्या डोक्यावर कोंबलेलं असायचं आणि निम्मं पायात. पाण्यात पडलेल्या माणसाकडे बोट वळवताना पायात दोर असणं किती वाईट, हे तुम्हाला मी सांगायला नको. भिजलेली जॅकेटं बॅटरीवर टाकली की खारं पाणी थेट टर्मिनलवर ठिबकतं. दोराची लोखंडी कडी दोन टर्मिनलांवर आडवी पडली तर काय होईल, हेही तुम्ही जाणता. जागा हवी होती ती जिवासाठीच हवी होती.

कंपनीने विचार केला होता, हे खरंच आहे. पण या प्रकारच्या बोटींचा मोठा वापर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या तलावांवर होतो. आपल्याकडे कुंडलिकेच्या मुखाशी भरतीला समुद्रच आत येतो, आणि दुपारी खारे वारे सुटले की हवाही खारट. जुनी केबल काढली तेव्हा लगपाशी, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीपाशी, हिरवट पावडर होती, ती वरूनही दिसत होती. पण रबर वीतभर मागे सोललं तरी आतलं तांबं काळंच. नखाने खरवडलं तर तार तुटून हातात आली. ती केबल आखूड होती, तरी तिच्यातून पुरेसा करंट जात नव्हता.

आता लांबीचा हिशेब. चौल-रेवदंड्याच्या वाडीत शेवटच्या सुपारीपर्यंत पाणी न्यायचं तर पन्हळ मोठी लागते, तसंच हे. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत साधारण ३ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६. सेल मारताना २०० अँपिअर धरा. २५ चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर वाटेतच सुमारे ०.८ व्होल्ट जातात, आणि तुमची भीती अगदी खरी ठरते. आम्ही ७० चौरस मिलिमीटरची टाकली. तिच्यात सुमारे ०.३ व्होल्ट जातात. केबल टिन्ड कॉपरची, म्हणजे प्रत्येक तारेवर कथिलाचा थर असलेली. लग हायड्रॉलिक प्रेसने दाबलेले आणि त्यावर आतून गोंद सुटणारं हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. मायनसची केबलही तेवढीच जाड हवी. पुष्कळ जण प्लसला पैसे घालतात आणि मायनस जुनीच ठेवतात. तपासायचं तर मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी स्टार्टरच्या बोल्टवर धरायची आणि कुणाला तरी सेल मारायला सांगायचं. मीटर दाखवेल तेवढे व्होल्ट त्या केबलने खाल्ले. मायनसला असंच, बॅटरी ते इंजिनाचा ब्लॉक.

आगीबद्दल मात्र मी तुमच्या उलट बाजूला आहे, आणि ठामपणे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती इंजिनाच्या खणात तळाशी साचते. म्हणूनच सेल मारण्याआधी ती वाफ बाहेर फेकणारा पंखा, ब्लोअर, चालवतात. बॅटरी त्याच खणाला लागून असली, तर ढिल्या टर्मिनलची ठिणगी नेमकी नको तिथे पडते. बॅटरी तिथून बाहेर आणली की हा धोका कमी होतो. नव्या जागेला मात्र तिच्या अटी आहेत. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, तो हलका, वर जातो, आणि हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. म्हणून सीटखालच्या खणाला वरच्या बाजूने वाट हवी. आमच्या बॅटऱ्या सीलबंद एजीएम (आत सांडणारं ॲसिड नसलेल्या) आहेत, तरी जाळी ठेवली आहे, कारण जास्त चार्ज झाल्या तर त्याही वायू सोडतात. अमेरिकन कोस्ट गार्डचा नियम सांगतो की बॅटरी पेट्रोलच्या टाकीच्या किंवा फिल्टरच्या थेट वर किंवा खाली नसावी, आणि सुमारे ४१ किलोच्या ओढीने ती एक इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. ज्या बोटीत त्या सीटखालीच टाकी आहे, तिथे हे काम करूच नये. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. फ्यूज बॅटरीपासून ७ इंचांच्या आत असावा, अशी तिकडची पद्धत. सेलच्या केबलला त्यातून सूट आहे, पण ती आता लांब झालीय आणि फरशीखालून जाते, म्हणून आम्ही टर्मिनलवरच ३०० अँपिअरचा फ्यूज बसवला आणि केबल अख्खी पाइपातून नेली.

कलण्याचं फार मनावर घेऊ नका. दोन बॅटऱ्यांचे ५० किलो उजवीकडे मागे होते, ते आता डावीकडे, म्हणजे उजवीकडे बसणाऱ्या चालकाच्या विरुद्ध बाजूला आले. त्याच्या वजनाला उलट तोलच मिळाला. शिवाय लाट मोठी व्हावी म्हणून मागे पाण्याने भरायच्या बॅलास्टच्या पिशव्या भरल्या की एकेक ३०० किलोंच्या पुढे जाते.

लिथियमने वजन निम्मं होतं, पण त्याच क्षमतेचा खोका जवळपास तेवढाच असतो, म्हणजे कप्पा मोकळा होत नाहीच. वर तिच्यातल्या सर्किटने चालू इंजिनात अचानक बॅटरी तोडली तर अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावरच्या वीज बनवणाऱ्या यंत्राचे, डायोड जाऊ शकतात. आणि इंजिनाशेजारची उष्णता कुठल्याच बॅटरीला मानवत नाही.

पोरं वाचून उद्याच पाना घेतील, ही तुमची काळजी रास्त आहे. नागाव-काशिदला बनाना राइड ओढणाऱ्या आउटबोर्डच्या (इंजिन मागे बाहेर टांगलेल्या) बोटी आहेत, त्यांच्या मालकांनी यात पडू नये. तिथे बॅटरी हलवून जागा मिळत नाही, नुसता खर्च होतो.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो, तो म्हणजे तळातलं पाणी उपसणारा पंप. त्याच्या ऑटो स्विचची वायर मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवर आणि स्वतःच्या फ्यूजमधून असते. बॅटरी हलवताना ही बारीक वायर मागेच राहते, किंवा कुणीतरी ती मेन स्विचच्या पलीकडे जोडून टाकतं. मग जुलैत बोट बांधलेली, मेन स्विच बंद, पाऊस कोसळतोय आणि पंप गप्प. तपासायला सोपं आहे: मेन स्विच बंद करून तळात पंपाचा फ्लोट उचलला जाईल इतकं पाणी ओतायचं. पंप आपोआप सुरू झाला तरच वायर योग्य जागी आहे. तुमच्या ओळखीत कुणी बॅटऱ्या हलवल्या असतील, तर त्यांना एवढं याच आठवड्यात करून बघायला सांगा, काका. पाऊस दारात आलाय.