आमच्या उसाला पंख फुटले म्हणे!

आता म्हणे विमानं उसावर, म्हणजे उसाच्या इथेनॉलपासून केलेल्या इंधनावर उडणार! विमानाच्या इंधनात असं पर्यायी इंधन मिसळायचं सरकारी लक्ष्य: २०२७ला १ टक्का, २०२८ला २, २०३०ला ५. तेही आधी आंतरराष्ट्रीय उड्डाणांत. मे २०२३मध्ये पुण्याहून दिल्लीला असं एक विमान उडालंसुद्धा. मंत्री, फोटो, टाळ्या! आणि त्याच वर्षी डिसेंबरात? साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करायलाच बंदी. ऑगस्ट २०२४मध्ये पुन्हा परवानगी. अरे, ऊस म्हणजे काय नळ आहे, वाटलं तेव्हा सोडला, वाटलं तेव्हा पिळून बंद केला? आडसाली ऊस तर दीड वर्ष रानात उभा असतो. तेवढ्यात तुमचं धोरण दोनदा कूस बदलतं! उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचा नियम १९६६च्या आदेशातला. तो आधी जमिनीवर तरी चालवा की! आमची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, अजून धावपट्टीवरच उभी आहे.