ग्रेगरीने ग्रंथालय जाळलं? आधी त्याची पत्रं वाचा

एक मजकूर सध्या खूप फिरतोय. पोप ग्रेगरी पहिला म्हणे ज्ञानाचा वैरी होता, त्याने रोमचं ग्रंथालय जाळलं, इंग्लंडमधली देवळं पाडायला लावली, ज्यूंची प्रार्थनामंदिरं बळकावली, आणि आपण वापरतो ते कॅलेंडरही त्याचंच. ज्याची साडेआठशेच्या वर पत्रं आज वाचायला मिळतात, त्याच्याबद्दल असं बिनदिक्कत लिहिलं जावं याचा मला राग येतो.

कॅलेंडरचं लगेच मिटतं. ते १५८२ साली तेराव्या ग्रेगरीने लागू केलं. पहिला ग्रेगरी ६०४ मध्येच वारला.

ग्रंथालयाची गोष्ट सांगतो तो इंग्रज लेखक जॉन ऑफ सॅलिस्बरी, तेही बाराव्या शतकात, साडेपाचशे वर्षांनी आणि ‘जुनी माणसं सांगतात’ म्हणून. रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवरचं ते ग्रंथालय अपोलोच्या देवळाला लागून होतं, आणि ते देऊळ ३६३ सालच्या आगीत भस्मसात झालं. ग्रेगरीचा जन्म ५४० च्या सुमाराचा. ही अफवा उभी राहिली ती बहुधा त्याच्या एका खऱ्या पत्राच्या जोरावर. गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) व्हिएनचा बिशप डेसिडेरिअस लोकांना व्याकरण, म्हणजे जुनं रोमन काव्य, शिकवतो असं कानावर आल्यावर ग्रेगरीने त्याला खरमरीत लिहिलं: ख्रिस्ताची आणि रोमन देव ज्युपिटरची स्तुती एका तोंडात मावत नाही. हे कोतेपण आहेच, ते झाकायचं कारण नाही. पण रागावलाय तो एका बिशपावर, आणि ऐकलेलं खोटं निघालं तर देवाचे आभार मानू, असंही त्याच पत्रात आहे. पुस्तकं जाळा, असं त्यात कुठेही नाही.

देवळांचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे, आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं. जून ६०१ मध्ये ग्रेगरीने इंग्लंडमधल्या केंटचा राजा एथेलबर्ट याला लिहिलं की मूर्तिपूजा मोड, देवळं पाड. मजकूर लिहिणारा इथेच थांबतो. पण महिनाभरात ग्रेगरीने इंग्लंडच्या वाटेवर असलेल्या मेलिटस या धर्मप्रचारकाला दुसरं पत्र धाडलं. बराच विचार केला, असं सांगून तो लिहितो की देवळं पाडू नका. मूर्ती तेवढ्या काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि वास्तू तशीच वापरा. लोक सणाला बैल कापत असत. त्याचं काय? कापू द्या, पण मेजवानीसाठी. चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून देवाचे आभार मानत जेवू द्या. मूर्ती फोडायला त्याची हरकत नव्हती, आणि सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावं हा हेतूही लपवलेला नाही. पण ‘देवळं जमीनदोस्त करणारा’ हे वर्णन त्याच्या शेवटच्या आदेशाच्या नेमकं उलट आहे.

ज्यूंबद्दलचा आरोप तर सरळ उलटा आहे. पालेर्मोच्या बिशपाने त्यांची प्रार्थनामंदिरं ताब्यात घेऊन त्यांचं चर्च करून टाकलं, तेव्हा रोमच्या ज्यूंनी ग्रेगरीकडे दाद मागितली. ५९८ मध्ये त्याने निकाल दिला: वास्तू आता परत देता येत नाही, तर तिची किंमत मोजा, आणि उचलून नेलेले ग्रंथ व दागिने शोधून परत करा. ज्याच्यावर पुस्तकं जाळल्याचा आळ आहे, तो इथे दुसऱ्या धर्माचे ग्रंथ परत करायला लावतोय! तो समतावादी नव्हता. सिसिलीत चर्चच्या जमिनी कसणाऱ्या ज्यू कुळांनी ख्रिस्ती व्हावं म्हणून त्याने खंडात सूट देऊ केली होती. पण जबरदस्तीला आणि लुटीला त्याचा विरोध होता.

ग्रेगरीला जाब विचारायचाच असेल, तर येशूची शिष्या मेरी मॅग्डलीन हिच्याबद्दल विचारा. ५९१ च्या सुमारास एका प्रवचनात त्याने तिला आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या अनाम पापी स्त्रीला एकच ठरवलं. बायबलमध्ये याला आधार नाही. तरीही पश्चिम युरोपात ती शतकानुशतकं पश्चात्तापदग्ध वेश्या म्हणूनच रंगवली गेली, आणि रोमन चर्चने आपल्या उपासनेत ही गल्लत दुरुस्त केली ती थेट १९६९ साली.