लांब वाक्याने पबमेड प्रसन्न होत नाही

पीएचडी करणाऱ्यांमध्ये पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, लेख शोधण्याबद्दल एक सल्ला सारखा फिरत असतो: ‘अँड, ऑर, कंस ही जुनी भानगड. विषयाचं अख्खं शीर्षक सर्चमध्ये टाका. शब्द जितके जास्त, तितकं नेमकं सापडतं. नको ते नॉट लावून काढा. नाहीतर गूगल स्कॉलर आहेच.’

विंचूदंशाचं उदाहरण घेऊ. ‘कोकणातील ग्रामीण रुग्णांच्या विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा परिणाम’ हे इंग्रजीत करून पबमेडला दिलं, तर किरकोळ शब्द सोडून बाकी सगळे ते अँडनेच जोडतं. नोंदीत ‘कोकण’ नसेल तर लेख बाद! शिवाय पबमेड लेखाचा पूर्ण मजकूर चाळत नाही. शीर्षक, सारांश, विषयसंज्ञा अशा नोंदीतल्या तपशिलावरच त्याचा शोध चालतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा लाल विंचवाच्या दंशावरचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ साली आला. त्याच्या शीर्षकात कोकण, ग्रामीण, प्राझोसिन यांपैकी काहीच नाही.

शब्द वाढवायचेच तर समानार्थी वाढवा, आणि ऑरने, म्हणजे त्यातला कोणताही एक असला तरी लेख येतो. या एकाच विंचवाला जुन्या-नव्या लेखांत ब्यूथस टॅम्युलस, मेसोब्यूथस टॅम्युलस, हॉटेन्टोटा टॅम्युलस अशी तीन नावं आहेत. एक टाकलंत तर बाकी दोन नावांखालचं बरंच काम हातचं जातं. विषबाधेला कुणी ‘एन्व्हेनोमेशन’ म्हणतं, कुणी ‘एन्व्हेनोमिंग’. ‘एन्व्हेनोम’पुढे तारांकन (*) दिलं की दोन्ही येतात.

कंसांची भानगड? पबमेड डावीकडून उजवीकडे वाचतं. ‘स्कॉर्पिअन अँड स्टिंग ऑर एन्व्हेनोमेशन’ असं बिनकंसाचं लिहिलंत तर सापांच्या विषाचे लेखही ढिगाने येतील. शेवटचे दोन शब्द कंसात घाला. आणि ते साप हटवायला नॉट लावलात, तर साप-विंचू दोन्हींचा एकत्र अभ्यास करणारे लेखही गेले.

सल्ल्यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. ‘हार्ट अटॅक’ असा साधा शब्द टाकला तरी पबमेड तो ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या मेश (लेखांना लावायच्या ठरावीक विषयसंज्ञांची यादी) संज्ञेशी आपोआप जोडतं. पण अवतरणचिन्हं किंवा तारांकन लावलं की ही सोय बंद होते. नेमकेपणाच्या हौसेने प्रत्येक शब्दाला अवतरणं लावणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

राहिलं स्कॉलर. हजारो निकालांचा आकडा वर झळकतो, पण पहिल्या १,००० पलीकडचं ते दाखवतच नाही. बावस्करांच्या लेखाचा पुढे कुणी कुणी संदर्भ दिला, हे बघायला मात्र मी तिथेच जातो.