दोरीची म्होरकी मऊ असते म्हणे!

घोडेवाल्यांमध्ये एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. गोषवारा असा: ‘नॅचरल हॉर्समनशिप, म्हणजे घोड्याचा स्वभाव ओळखून जबरदस्तीशिवाय शिकवणं, करायचंय? मग चामडं फेकून द्या. घोड्याच्या तोंडावर चढवायची दोरीची म्होरकी त्याला टोचत नाही. ती तुटत नाही, म्हणून दिवसभर राहू द्या. नाकावर गाठी जितक्या जास्त, तितका ताबा चांगला. आणि हाताने बनवलेली असली की डोळे झाकून विकत घ्या.’

टोचत नाही? अडीच सेंटिमीटर रुंद चामडी पट्ट्यावर पसरणारा जोर सहा मिलिमीटरच्या दोरीवर आला, की जवळपास चौपट बोचतो. दोरीची म्होरकी चालते ती याच गुणावर. बोट हलवलं तरी घोड्याला कळतं, आणि त्याने मान वळवताच हात सैल पडला, की त्याला उत्तर बरोबर आल्याचंही कळतं. हात सैल सोडता येत नसेल, तर हीच म्होरकी पट्ट्यापेक्षा कठोर. नॅचरल हॉर्समनशिपचे आद्य गुरू मानले जाणारे टॉम डोरन्स आणि रे हंट यांचा सगळा भर याच सोडण्यावर होता. आणि गंमत म्हणजे, ते ज्या अमेरिकी घोडेस्वार परंपरेतले, तिथे नाकावर बोसाल, म्हणजे कच्च्या कातड्याचं विणलेलं कडं, असतो. त्यांचं नाव घेऊन चामडं कसं फेकायचं?

जास्त गाठी म्हणजे जास्त टोचणी, बाकी काही नाही. नाकावरची दोरी कुठे बसते, हे बघणं जास्त कामाचं. गालाच्या हाडाची कड संपते तिथून साधारण दोन बोटं खाली. तिथून आणखी घसरली, की नाकाच्या निमुळत्या हाडावर आणि पुढच्या मऊ भागावर दाब येतो.

‘तुटत नाही’ हा तर धोका आहे, गुण कसला! घोडा मागच्या पायाने कान खाजवतो आणि खूर म्होरकीत अडकतो, किंवा कुंपणाच्या खांबात ती गुंतते. घोडा बिथरला की चामड्याचा पट्टा तुटून तो सुटतो; दोरी तुटत नाही, इजा होते ती त्याच्या मानेला. म्हणून काम संपलं की ती काढायची. प्रवासात चामड्याची म्होरकी बरी.

आता ‘हाताने बनवलेली’. हात कोणाचे, माल कोणता? म्होरकीला जोडून हातात धरायच्या दोरीसाठी बोटींवर वापरतात ती दुपदरी विणीची पॉलिएस्टर दोरी, बारा ते चौदा मिलिमीटर जाड, चांगली. तिला वजन असतं. मनगट किंचित हललं, तर लाट थेट हनुवटीपर्यंत जाते. नायलॉन ताणलं जातं आणि सुटलं की कडीसकट अंगावर येतं. पॉलिप्रॉपिलीन हलकं, उन्हात पिसकटतं. दोरीचा अगदी लहान फास वळून बघा: वरची वीण फाकून आतला गाभा दिसू लागला, तर वीण सैल आहे.

म्होरकी बांधायची पद्धतही तपासा. म्होरकीच्या दोरीचं टोक तिच्याच फाशातून वर काढून फाशाच्या खालून वळसा घालायचा, आणि शेपूट डोळ्यापासून लांब, मागे वळवायचं. फाशाच्या वरून वळसा घेतला, तर झटका बसल्यावर गाठ अशी आवळते की सोडवता सोडवता नखं जातात.

चामड्यात हाताचं मोल खरं दिसतं ते शिवणीत. यंत्राच्या टाक्यात वरचा-खालचा असे दोन धागे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. हाताच्या शिवणीत एकच धागा दोन सुयांनी, दोन्ही बाजूंनी प्रत्येक भोकातून जातो, त्यामुळे एखादा टाका कापला गेला तरी बाकीचे तग धरतात. ‘हस्तनिर्मित’ म्हणून विकला जाणारा पट्टा पुष्कळदा फक्त हाताने कापलेला असतो, शिवलेला यंत्रावर. पट्टा गुळगुळीत बाजू आत घेऊन दुमडा. बारीक रेषा पडून सरळ केल्यावर मिटल्या, तर ठीक. जाड फुगीर सुरकुत्या आल्या, तर ते सैल कातडं आहे, बहुधा पोटाकडचं, वापरात ताणत जाणारं. लगामाच्या पट्ट्यांना पाठीचंच कातडं हवं, आणि ते कुठलं हे बनवणाऱ्याला सरळ विचारता येतं.