उरलेले ३० टक्के कुठे भटकत होते? कुठेच नाही

कोविडकाळातल्या मोबाइलच्या आकडेवारीवरून एक दावा अजून फिरतो: ‘कामावर जाणारे ६० टक्क्यांनी घटले, घरी राहणं मात्र ३० टक्केच वाढलं. म्हणजे उरलेले ३० टक्के गल्लीबोळांत भटकत होते.’ त्याला दोन शेपट्याही असतात: लोक घरी बसले ते बंदीमुळेच, आणि बंदी उठताच सगळं पूर्ववत झालं.

आधी ही वजाबाकी. गूगलच्या मोबिलिटी अहवालात, म्हणजे फोनच्या ठिकाणांवरून लोकांची ये-जा मोजणाऱ्या आकडेवारीत, सहा रकाने होते. दुकानं, किराणा-औषधं, बागा, स्थानकं आणि कामाची ठिकाणं या पाचांत येणाऱ्यांची संख्या मोजली जाई. घराच्या सहाव्या रकान्यात मात्र वेळ. माणसांतून तास कसे वजा करणार? १०० नोकरदार घ्या, प्रत्येकाचे ८ तास कामावर, १६ घरी. त्यातले ६० जण कामावर जायचे थांबले आणि दिवसभर घरात राहिले. घरातले एकूण तास १,६०० वरून २,०८० झाले. वाढ बरोबर ३० टक्के, आणि रस्त्यावर एकही जण नाही! शंभरच्या शंभर जणांनी स्वतःला कोंडून घेतलं तरी हा आकडा ५० टक्क्यांच्या वर जात नाही, कारण दिवस २४ तासांचाच.

गल्लीबोळांचं म्हणाल, तर तिथली ये-जा या साधनांना नीट दिसतच नव्हती. फेसबुकच्या आकडेवारीत ‘जागेवरच राहिलेला’ माणूस म्हणजे दिवसभर नकाशाच्या एकाच चौकोनात दिसलेला, आणि तो चौकोन विषुववृत्तापाशी साधारण ६०० मीटर लांब-रुंद. त्याच्या आत चार वेळा दुकानात गेलात तरी तुम्ही हललाच नाहीत. उलट घर चौकोनाच्या कडेला असेल तर रस्ता ओलांडला की झालात ‘फिरते’. ॲपल तर नकाशावर रस्ता किती वेळा विचारला गेला तेवढंच मोजत होतं. कोपऱ्यावरच्या दुकानाचा रस्ता कोण विचारतो?

बागांच्या आकड्याचा घोळ वेगळा. गूगलची तुलना ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० मधल्या त्याच वाराच्या मध्यकाशी, म्हणजे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याशी. उत्तरेकडच्या थंड देशांत तेव्हा हिवाळा. जूनमध्ये तिथे बागेचा आलेख चढला, तर त्यात महामारी किती आणि ऊन किती, हे त्या आलेखावरून सांगता येत नाही.

‘बंदीमुळेच’ हेही टिकत नाही. ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत एकाच परिसरातल्या, पण वेगवेगळे नियम लागू असलेल्या भागांमधल्या दुकानांची तुलना केली. ग्राहकांची ये-जा ६० टक्क्यांनी घटली होती. त्या ६० पैकी जेमतेम ७ टक्क्यांची घट कायदेशीर बंधनांच्या खात्यावर टाकता आली. शिवाय लोक मोठ्या, गर्दीच्या दुकानांकडून लहान, कमी गर्दीच्या दुकानांकडे वळले. बंदी निरुपयोगी होती असा याचा अर्थ नाही. बंदी नसलेल्या बाजूचे लोकही भीतीनं घरी थांबले होते, एवढाच.

राहिलं ‘पूर्ववत’. आलेख शून्यावर आला म्हणजे येणाऱ्यांची संख्या जुन्या पातळीला आली, इतकंच. आधी कामावरून परतताना वाटेत दुकानात शिरणारा आता सकाळी ११ वाजता घरून चालत जातो. वेळ, अंतर, वाहन सगळं बदललं, तरी दोन्हीकडे भेट एकच. आणि ‘आजही आकडे तेच सांगतात’ म्हणणाऱ्यांनी तारखा बघाव्यात: ॲपलनं ही आकडेवारी एप्रिल २०२२ मध्ये बंद केली, गूगलनं ऑक्टोबर २०२२ मध्ये.