बर्नआउट झालाय? श्वास घ्या, कॅमेरा चालू ठेवा

गेल्या गुरुवारी आमच्या ऑफिसात बर्नआउटवर, म्हणजे कामाने पार पिळून निघण्यावर, सत्र झालं. दुपारी 1 ते 2, म्हणजे ऐन जेवणाच्या सुट्टीत. दमलेल्या माणसांवर कामाचा वेळ कोण खर्च करणार? हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू. मी डबा मांडीवर घेऊन, दर घासाला कॅमेऱ्याखाली वाकून भेंडीची भाजी खाल्ली आणि मन लावून ऐकलं. तुम्हीही कोड लिहून पोट भरत असाल तर हे ज्ञान तुम्हालाही मिळायला हवं.

तर, आधी श्वास. नाकाने घ्या, चारपर्यंत मोजा, सोडा. बिल्ड फुटला, म्हणजे कोड जोडताना सगळं कोसळलं, तरी मोजणं चुकता कामा नये.

कृतज्ञतेची वही ठेवा, रोज तीन गोष्टी लिहा. माझ्या कालच्या : पगार, पगार आणि ऐरोलीपर्यंत बसायला मिळालं.

निसर्गात रमा. ठाणेकरांना काय कमी? येऊर आहे, उपवन आहे, खाडीत फ्लेमिंगो येतात. 2022 साली आपल्या ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे जगात महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. चिखलाला आंतरराष्ट्रीय संरक्षण आहे, आपलंही कधीतरी बघतील. फ्लेमिंगोंकडून एक शिकण्यासारखं आहे : हंगाम संपला की उडून जातात, नोटीस पिरियड नाही.

प्रवासाचा वेळ स्वतःसाठी वापरा. कासारवडवलीहून निघालात की घोडबंदर रोडवर स्वतःसाठी इतका वेळ मिळतो की विचारू नका. मग ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या फलाटावर धक्के खा, ऐरोलीला उतरा, ऑफिसात पोहोचा आणि हेडफोन लावून पुण्या-हैदराबादच्या लोकांशी बोला. यालाच टीमने एकत्र बसून काम करणं म्हणतात. आठवड्यातून तीन दिवस.

आणि झोप. झोपेवर सत्र घेणाऱ्या बाईंचा फार भर होता. आठ तास शांत झोप, उशाशी फोन नको. मी ऑन-कॉल होते हो, रात्री सर्व्हर बिघडला तर उठायची पाळी माझी! फोन उशाशी नाही ठेवायचा तर काय फ्रिजमध्ये ठेवू? आदल्याच रात्री 2 वाजून 40 मिनिटांनी तो केकाटला. सर्व्हरची डिस्क 90 टक्के भरली. का भरली? लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदी, साचले म्हणून. लॉग का साचले? जुने लॉग आपोआप उडवायची सोय कुणी केलीच नाही म्हणून. अंधारात लॅपटॉप उघडा, व्हीपीएन लावा, ओटीपी येईस्तोवर भिंतीकडे बघा, जुन्या फाइली हाताने उडवा. डिस्क 42 टक्क्यांवर. पुन्हा आडवं पडा आणि साडेपाचपर्यंत पंख्याची पाती मोजा. याच सर्व्हरसाठी, याच कारणाने मी चौथ्यांदा उठले. या दुरुस्तीचं तिकीट, म्हणजे कामाची रीतसर नोंद, मी गणपतीच्या आधी टाकलंय. गणपती गेले, दिवाळी गेली, तिकीट बॅकलॉगमध्ये, राहिलेल्या कामांच्या यादीत. दर प्लॅनिंगला तेच उत्तर, "पुढच्या स्प्रिंटला नक्की घेऊ, आत्ता क्लायंटचा डॅशबोर्ड महत्त्वाचा." त्या डॅशबोर्डचं बटण हिरवं की निळं यावर मात्र तीन मीटिंगा झाल्या. सकाळी स्टँडअपला, टीमच्या रोजच्या मीटिंगला, सांगितलं तर म्हणाले, "ग्रेट ओनरशिप!" आणि एक टाळ्यांची इमोजी. कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, विचारला तर, "रिलीजनंतर बघू या." आणि त्याच दिवशी दुपारी मला शिकवताय कसं झोपायचं ते?

सत्रात बर्नआउटला चारचारदा 'आजार' म्हटलं गेलं. नाहीये तो आजार. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आपल्या रोगांच्या वर्गीकरणात स्पष्ट लिहिलंय : ही कामाशी संबंधित स्थिती आहे, आजार नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ टिकला आणि नीट हाताळला गेला नाही की ती येते. कामाच्या ठिकाणचा! माझ्या नाकपुड्यांचा यात काय संबंध? आजार म्हटलं की पेशंट मी, पथ्य मी पाळायचं, वही मी लिहायची. आणि ज्यांनी तिकीट दाबून ठेवलं ते सत्राच्या शेवटी आभार मानणार.

मॅनेजरसाहेब, तुमची माणसं दमलेली नाहीत, तुम्ही त्यांना दमवलंय. ऑन-कॉलला दोन माणसं जास्त द्या, रात्री उठलेल्याला सकाळी झोपू द्या, सत्रं नकोत. आणि तुम्ही, हे वाचून माना डोलावणारे! सुट्टीवर असताना रात्री साडेअकराला "डन" लिहिता ना ग्रुपवर? तुमचं ते "डन" दाखवून उद्या आम्हाला विचारतात, तो गावाहून करतो, तुला ठाण्यातून काय होतंय? बंद करा ते. रजा टाकलीत तर रजेवर राहा.

सत्राचा फीडबॅक फॉर्म आलाय, आज संध्याकाळपर्यंत भरायचाय, दोनदा आठवणही आली. ते लॉगचं काम दोन तासांचं आहे. दोन तास. या सोमवारी मी पुन्हा ऑन-कॉल आहे.